अचूक की फास्ट? दोन्ही!

"जाऊ दे रे, दहाव्या डेसिमलला कोण बघतंय?" सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये हमखास ऐकू येणारं हे वाक्य! माझं स्पष्ट मत आहे की प्रोसेसर एम्युलेटर लिहिणाऱ्याला ते म्हणायचा हक्कच नाही.

एम्युलेटर म्हणजे एका प्रोसेसरवर दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. एआरएमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आपण एक्स८६ च्या पीसीवर तपासतो तो याच्याच भरवशावर. नक्कल एका बिटने जरी चुकली तरी पीसीवर पास झालेला प्रोग्रॅम खऱ्या बोर्डवर आपटू शकतो. मग बसा चूक शोधत!

आता तुम्ही म्हणाल, १९८५ पासून आयईईई ७५४ स्टँडर्ड आहे, मग गणित सगळीकडे सारखंच की! पण त्यातही काही गोष्टी मोकळ्या सोडल्या आहेत. शून्य भागिले शून्य केलं की एक्स८६ जो 'नॅन' देतो त्याचा साइन बिट १ असतो, एआरएमचा ०. शिवाय ओव्हरफ्लो, अंडरफ्लो, इनएक्झॅक्ट वगैरे पाच फ्लॅग सांभाळायचे ते वेगळेच.

म्हणून काही एम्युलेटर खऱ्या एफपीयूला हात न लावता हे गणित इंटिजरने करतात. जॉन हाउजर यांची सॉफ्टफ्लोट लायब्ररी यासाठीच आहे. उत्तर अगदी अचूक, पण हार्डवेअर जे एका इन्स्ट्रक्शनमध्ये उरकतं त्याला इथे कितीतरी जास्त लागतात.

क्यूएमू या एम्युलेटरच्या ४.० आवृत्तीत (२०१९) यावर मस्त तोडगा आला, हार्डफ्लोट. इनएक्झॅक्ट फ्लॅग 'चिकट' असतो. एकदा लागला की प्रोग्रॅमने स्वतः पुसेपर्यंत तसाच राहतो. एक भागिले तीन केलं की लागलाच! आणि बहुतेक प्रोग्रॅम तो कधी पुसतच नाहीत. मग दर वेळी तो नव्याने शोधायचा कशाला? फ्लॅग आधीच लागलेला आहे, राउंडिंग नेहमीचं आहे आणि आकडे साधे आहेत, म्हणजे नॅन, अनंत किंवा अतिसूक्ष्म नाहीत, तर काम सरळ एफपीयूकडे द्या. उत्तर अनंत आलं तर ओव्हरफ्लो नोंदवा. अतिसूक्ष्म आलं तर परत सॉफ्टफ्लोट.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. क्यूएमूमधल्या पॉवरपीसीच्या नकलेत प्रत्येक क्रियेआधी फ्लॅग पुसले जात होते, त्यामुळे तिथे हार्डफ्लोट बंदच ठेवलं. कोणी "चालून जाईल" म्हटलं नाही. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

आपण प्रोजेक्ट फास्ट करायला आधी अचूकता कापतो. त्याऐवजी स्टँडर्ड नीट वाचून, कोणती मेहनत खरोखर फुकट जाते ते शोधायला हवं. शॉर्टकट जरूर घ्या, पण तो कधी बरोबर ठरतो हे कागदावर लिहून, आणि बाकीच्या केसेससाठी सावकाश वाट शाबूत ठेवून. व्हायवाला हे सांगता आलं, तर त्याला मी इंजिनिअरिंग म्हणेन!