गच्चीवरचा सोलर, टाकीतली कॉइल आणि बाथरूममधला गॅस गिझर

रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच. पावसाळ्यात सोलरचं पाणी गरम येत नाही, तर बॅकअप काय घ्यायचा? दीड तासात तीन मतं पुढे आली. एक, ज्याने त्याने आपापला गॅस गिझर बसवावा. दोन, गच्चीवरच्या टाक्यांत आणखी मोठी कॉइल घालावी. तिसरं मत माझं होतं. ते पूर्ण मांडायच्या आत चहा आला, म्हणून इथे लिहितोय.

आधी गॅस गिझर. स्वस्त पडतो, लगेच गरम पाणी देतो, मान्य. पण बंद बाथरूममध्ये तो तिथलीच हवा वापरून जळतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस लीक झाला तर निदान वास येतो, याला ना वास ना रंग. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो, आणि कडी आतून लावलेली. अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि विसरतो. हा गिझर बसवायचाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. आमच्याकडे ४८ पैकी निम्म्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत. गिझर कुठे लावायचा ते मालक फोनवरून ठरवणार आणि आंघोळ दुसऱ्याची पोरं करणार. यावर ‘ज्याचं त्याने बघावं’ असं म्हणता येत नाही.

आता कॉइल. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. कॉइल लहान असो की मोठी, हा आकडा बदलत नाही. मोठी कॉइल फक्त लवकर तापवते. आणि आमची खरी गंमत वेगळीच आहे. कॉइलला टायमरच नाही! सकाळच्या आंघोळी आटोपल्या की टाकीत गार पाणी शिरतं, आणि ऊन चढायच्या आत कॉइल ते तापवून मोकळी. मग सोलरने तापवायचं काय? म्हणजे लख्ख ऊन असतानाही आपण विजेचं बिल भरतोय आणि वर म्हणतोय, सोलर काही कामाचा नाही.

माझं म्हणणं हीट पंपाचं. नाव नवीन वाटतं, पण यंत्र ओळखीचं आहे. फ्रीज आतली उष्णता काढून मागे बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता काढून पाण्यात टाकतो. वीज लागते ती उष्णता हलवायला. त्यामुळे साडेतीन युनिटचं काम साधारण सव्वा युनिटमध्ये होतं. पुण्यात तर हा फारच सोयीचा. आपल्याकडे थंडीत ऊन चांगलं असतं, तेव्हा सोलर चालतो. तो कमी पडतो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा हवा उबदार, दमट असते. हीट पंपाला तशीच हवा मानवते. दुपारी चारनंतर, सोलरने जेवढं तापवलं नाही तेवढंच तापवायला तो टायमरवर लावायचा. बॅकअपने बॅकअपचंच काम करावं.

तोटेही सांगतो. हीट पंपाची किंमत गिझरच्या कित्येक पट आहे, कॉम्प्रेसरचा आवाज येतो, सर्व्हिसिंग लागतं. दोघांच्या घराला त्याची गरज नाही, पाच स्टारचा साधा स्टोरेज गिझर पुरतो. पण ४८ फ्लॅटमध्ये ३ किलोवॅटचे इन्स्टंट गिझर आले आणि सकाळी सातला निम्मे जरी चालू झाले, तरी ७२ किलोवॅटचा भार एकदम पडतो. मग ट्रान्सफॉर्मर गेला की शिव्या महावितरणला.

आणि यातलं काहीही घ्यायच्या आधी फुकटात किंवा थोडक्यात होणारी कामं करा. कॉइलला टायमर लावा. ट्यूबमधले बोअरच्या पाण्याचे क्षार काढा. गच्चीवरच्या उघड्या पाइपांना इन्सुलेशन करा. गरम पाणी येईपर्यंत आमच्याकडे रोज घरटी बादलीभर गार पाणी वाहून जातं, आणि उन्हाळ्यात आपणच टँकर मागवतो.

शेवटचं, जरा टोचणारं. सोलर असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. ५ टक्के, आणि जोडीला गांडूळखत किंवा पावसाच्या पाण्याचा प्रकल्प असेल तर १० टक्के. आम्ही ती सवलत दरवर्षी घेतो आणि पाणी कॉइलवर तापवतो. महापालिकेने गच्चीवर चढून नुसते पॅनेल मोजू नयेत, ते चालू आहेत का तेही बघावं. सवलत गेली तर जाऊ दे, निदान आपण जागे होऊ.

पुढची मीटिंग पंधरा दिवसांनी आहे. तुमच्या सोसायटीत एकदा बघाच, कॉइलला टायमर आहे का? आणि बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल, तर तो बाहेर काढायला मीटिंगची वाट बघू नका.