ओळखपत्र गेले, वाचन कशाला थांबावे?



‘विद्यापीठ सुटले की संशोधनही सुटते’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेवरचा लेखकाचा राग रास्तच आहे. २०२५पासून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले, पण संशोधन-नियतकालिके वाचण्याची सोय फक्त सरकारी संस्थांमधल्यांना. पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला दार बंद.

पण म्हणून ‘घरबसल्या काहीच मिळत नाही’? हे मात्र पटत नाही. ‘शोधगंगा’वर देशभरातले लाखो प्रबंध फुकट वाचता येतात, मराठीतलेसुद्धा. (दर्जा डावा-उजवा, हे मान्य.) भौतिकशास्त्र-गणितवाल्यांसाठी १९९१पासून ‘अर्काइव्ह’ आहे, वैद्यकासाठी ‘पबमेड सेंट्रल’. ‘जेस्टोर’वर स्वतःच्या नावाने नोंदणी केली की महिन्याला १०० लेख विनामूल्य वाचता येतात, तेवढे तरी आपण कुठे वाचतो! आणि लेख कुलूपबंदच निघाला, तर लेखकाला सरळ ईमेल करावा. मी तीनदा केला, दोनदा प्रत आली.

खरी अडचण वेगळीच आहे. ही ठिकाणे पदवीच्या वर्गात कोणी दाखवतच नाही. मलाही ती ग्रंथालयाच्या नोकरीत, चाळिशीनंतर कळली.

— एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा