वाटेवरचा वसंत

वसंताला ऋतूंचा राजा म्हणण्याची प्रथा भारतीय साहित्यात फार जुनी आहे. मात्र शहरात राहणाऱ्या माणसाकडे हा राजा मोठ्या अडचणीच्या वेळी येतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंतचे दिवस म्हणजे परीक्षांचे दिवस. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते, त्यामुळे कचेऱ्यांत आणि दुकानांत हिशेब पुरे करण्याची घाई असते. मुलांचे शाळाप्रवेश, शुल्काची तजवीज, वाढता उकाडा, पाण्याची ओढाताण हे सारे याच काळात एकवटते. दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याची परीक्षाही बहुधा एप्रिल-मे महिन्यांतच येते. चिंतेने मान खाली घालून माणूस रस्त्याने चालत असतो आणि नेमका त्याच वेळी त्याच्या डोक्यावर बहावा फुललेला असतो.

अशा वेळी मान वर करून त्या झाडाकडे पाहावे काय? अनेकांच्या मते फुले पाहणे हा सवड असलेल्या लोकांचा छंद आहे. ज्याला महिनाअखेरची भ्रांत आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याने फुलांत मन गुंतवणे म्हणजे कर्तव्यापासून पळ काढणे, असेही कोणी म्हणेल. हा आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचा विचार नीट करायला हवा.

प्रथम वाटेवर काय फुलते ते पाहू. काटेसावर, पांगारा आणि पळस ही झाडे फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. त्या वेळी त्यांच्या फांद्यांवर पाने जवळजवळ नसतातच. कोरड्या ऋतूत पानांवाटे पाणी उडून जाते. ते वाचवण्यासाठी झाड पाने गाळते आणि उघड्या फांद्यांवर फुले धरते. पाने आड येत नसल्यामुळे ती लाल-केशरी फुले पक्ष्यांना दुरूनही दिसतात. मैना, बुलबुल, शिंजीर, कावळे मधासाठी फुलांवर येतात आणि परागीभवनाचे काम होऊन जाते. मार्च-एप्रिलमध्ये करंजाखाली लाह्या सांडाव्यात तसा फिकट फुलांचा सडा पडतो. कडुनिंबाला बारीक, सुगंधी मोहोर येतो. गुढीपाडव्याला कोवळ्या पानांसह तो गुळाबरोबर खाल्ला जातो. संध्याकाळी शिरीषाचा मंद वास रस्त्यावर रेंगाळतो. पुढे एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात, महाराष्ट्राचे राज्यफूल असलेले ताम्हण जांभळ्या रंगाने बहरते आणि गुलमोहर पेटल्यासारखा लाल होतो. गुलमोहराचे एखादे गळलेले फूल हातात घेतले, तर पाच पाकळ्यांपैकी एक पाकळी इतरांहून वेगळी, पांढरट आणि लाल ठिपक्यांची आढळते. रोज गुलमोहराखालून जाणाऱ्या किती जणांनी ती पाहिलेली असते?

या वैभवासाठी रानात जावे लागत नाही. मुंबईत पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या परिसरात उन्हाळ्याच्या तोंडावर गुलाबी फुलांची झाडे दुतर्फा बहरतात आणि गाड्यांच्या गर्दीत अडकलेल्या लोकांना ती खिडकीतून दिसतात. दिल्लीत मार्च महिन्यात सेमलची, म्हणजेच काटेसावरीची, जाड पाकळ्यांची फुले पदपथावर पडलेली असतात. तेथील अमृता शेरगिल मार्ग मे महिन्यात अमलतासाने पिवळा होतो. बंगळूरला लालबाग उद्यानाचे अधीक्षक जी. एच. क्रुंबिगल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक सुंदर कल्पना रुजवली. एका जातीच्या झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्या जातीचा सुरू व्हावा आणि शहर वर्षभर फुललेले राहावे, अशी झाडांची निवड त्यांनी केली. कामाच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी माणसाला या झाडांचे आणखी एक मोल आहे. बहावा दिल्लीत अमलतास होतो, कर्नाटकात कक्के होतो आणि केरळात कणिक्कोन्ना होऊन विषूच्या सणाला देवापुढे ठेवला जातो. गुलमोहराला बंगालीत कृष्णचूडा म्हणतात. नाव परके वाटले तरी झाड ओळखीचे निघते आणि नव्या शहरातील पहिल्या उन्हाळ्याचा एकाकीपणा थोडा कमी होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फुले पाहिल्याने ताण हलका होतो, हा केवळ कवींचा समज नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याची मीमांसा केली आहे. हिशेब करताना, अभ्यास करताना किंवा रहदारीतून वाट काढताना मन प्रयत्नपूर्वक एकाग्र करावे लागते. ही शक्ती वापराने थकते. मग चिडचिड होते आणि साध्या कामातही चुका होऊ लागतात. हलणारी पाने, फुले, ढग यांकडे मात्र लक्ष आपोआप जाते, त्यासाठी मनाला श्रम पडत नाहीत. तेवढ्या अवधीत थकलेल्या एकाग्रतेला विसावा मिळतो. याआधी १९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्या रुग्णांना तुलनेने लवकर घरी जाता आले आणि तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. हा अभ्यास लहान होता हे खरे. परंतु त्याने दाखवलेली दिशा महत्त्वाची आहे.

शहराचे स्वरूप लक्षात घेतले की याचे कारण आणखी स्पष्ट होते. शहरातील बहुतेक गोष्टी माणसाकडे काही ना काही मागत असतात. जाहिरातीचा फलक पैसे मागतो, गाडीचा कर्णा वाट मागतो, भ्रमणध्वनीची घंटा उत्तर मागते. रस्त्याकडेचे फुललेले झाड मात्र काहीच मागत नाही. ते माणसाला उपदेश करण्यासाठी किंवा त्याचे सांत्वन करण्यासाठी फुलत नाही. स्वतःच्या बीजासाठी फुलते. पाहणारा परीक्षेत उत्तीर्ण झाला की अनुत्तीर्ण, त्याची नोकरी टिकली की गेली, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. काही क्षण कोणाच्याही अपेक्षेविना उभे राहता येणे, हाच त्या भेटीतील विसावा आहे.

याची प्रचीती साऱ्या देशाला एकाच वेळी आली ती २०२० साली. करोनाच्या साथीमुळे देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, तिचा पहिला दिवस होता २५ मार्च, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. चैत्र सुरू झाला, पण माणसे घराबाहेर पडू शकत नव्हती. बागांच्या फाटकांना कुलुपे लागली. रस्त्यावरच्या झाडांना फाटक नव्हते. ती ठरल्या वेळी फुलली. औषध किंवा भाजी आणण्यासाठी बाहेर पडलेल्या माणसाची तेवढीच काय ती फेरी होती. त्या फेरीत अनेकांनी आपल्याच गल्लीतील झाड पहिल्यांदा नीट पाहिले. जगाचे सारे वेळापत्रक कोलमडले असताना झाडाचे वेळापत्रक शाबूत होते, ही जाणीव त्या भीतीच्या दिवसांत लहान नव्हती.

परंतु त्याच वसंताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या महिन्यांत लाखो मजूर शहरे सोडून शेकडो किलोमीटर पायी आपल्या गावाकडे निघाले होते. त्यांच्या वाटेवरही बहावा आणि गुलमोहर फुललेले होते. पायांना फोड आलेले, कडेवर मूल आणि पोटात भूक असलेले ते लोक त्या फुलांनी सुखावले असतील, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. त्यांना हवी होती भाकरी, वाहन आणि सावली. फुले भाकरीची जागा घेऊ शकत नाहीत. ती कर्ज फेडत नाहीत, आजार बरा करत नाहीत, गेलेले माणूस परत आणत नाहीत. निसर्गाकडे पाहा म्हणजे दुःख विसराल, असा सल्ला दुःखी माणसाला देणारा पुष्कळदा स्वतःची जबाबदारी टाळत असतो.

म्हणून आक्षेपाचे उत्तर असे द्यावे लागेल. फुले पाहणे हा संकटावरचा उपाय नव्हे; उपाय शोधण्यासाठी जे मन शाबूत राहावे लागते, त्या मनाची ती शिदोरी आहे. ज्याचे जीवन सुखाचे आहे, त्याला ही शिदोरी नसली तरी चालेल. दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची ऐपत त्याच्याजवळ असते. जो सहा दिवस राबतो आणि एका खोलीत पाच माणसांसह राहतो, त्याला मात्र घरापासून कामापर्यंतच्या वाटेखेरीज मोकळे आकाश क्वचितच मिळते. रस्त्यावरचा गुलमोहर ही चैन असेल, तर ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत न्याय्य चैन आहे. कारण तिला तिकीट नाही.

यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. परीक्षा केंद्राकडे निघालेल्या विद्यार्थिनीने शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा वही चाळण्याऐवजी वाटेवरच्या झाडाकडे पाहिले, तर तिचे काही बुडणार नाही. कदाचित आठवलेले उत्तर तरी गोंधळणार नाही. बसथांब्याजवळच्या एका झाडाचे नाव माहीत करून घ्यावे. त्याला कळी कधी आली, पहिले फूल कधी उमलले, शेंगा कधी धरल्या हे पाहत जावे. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऋतुचक्र’ या पुस्तकात दुर्गाबाई भागवतांनी बारा महिन्यांचे निसर्गचित्र रेखाटले, त्यामागे अशाच सातत्याने पाहण्याची साधना होती. तेवढी साधना प्रत्येकाला जमणार नाही. पण एका झाडाची ओळख कोणालाही जमेल.

ओळख झाली की जबाबदारीही येते. पदपथ बांधताना झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले जाते, मग मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही आणि पहिल्याच वादळात झाड उन्मळून पडते. दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीची एक मीटर जागा सिमेंटमुक्त करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ मध्ये द्यावा लागला. महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. तरीही खोडात खिळे ठोकून फलक लावले जातात, फांद्या वाटेल तशा छाटल्या जातात. ज्या दाट वस्त्यांना झाडांची गरज अधिक, तेथे ती लावण्यास जागाच ठेवली जात नाही. कायदा कागदावर असतो. झाडाला नावाने ओळखणारा माणूस मात्र रोज त्या वाटेने जात असतो. तक्रार करण्याचे धैर्य प्रथम त्यालाच येते.

बंगळूरला १९८० च्या दशकात एस. जी. नेगिनहाळ या वनाधिकाऱ्यांनी सुमारे १५ लाख झाडे लावून घेतली. मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचे निधन झाले. त्या वसंतातही त्यांच्या शहरातील झाडे फुलली होती आणि रुग्णालयांच्या बाहेर ताटकळणाऱ्या माणसांवर सावली धरून होती. त्या माणसांपैकी कितीजणांनी मान वर करून पाहिले, हे सांगता येणार नाही. पण ज्याला पाहण्याची गरज भासली, त्याच्यासाठी झाड तेथे होते. शहराने आपल्या कष्टकरी माणसांसाठी निदान एवढे तरी करावे, आणि त्या माणसांनीही अडचणीच्या दिवसांत क्षणभर मान वर करण्याचा आपला हक्क सोडू नये.