‘सोपे आहे’ म्हणू नका!

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रसायनशास्त्रावर लिहावे, याचे आमच्या वाचकांना नवल वाटेल. पण बारावीपर्यंत मी विज्ञानाचीच होते आणि गेली दोन वर्षे संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना रसायनशास्त्र शिकवून कॉलेजची फी भरते आहे. तेव्हा दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते.

सुरुवातीला मी प्रत्येकाला धीर द्यायची, “घाबरू नकोस रे, अगदी सोपे आहे!” आपण सारेच असे म्हणतो, प्राध्यापकमंडळीही म्हणतात (क्षमा असावी). पण त्याने धीर येत नाही, असलेला खचतो. अवघड गोष्ट आली नाही तर त्यात लाज कसली? ‘सोपी’ गोष्ट आली नाही म्हणजे मात्र आपण ढच, असा हिशेब मूल मनातल्या मनात करून मोकळे होते.

हे मला कळले ते अकरावीतल्या एका मुलामुळे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. ‘संयुजा’ त्याला चांगली येत होती. अकरावीत तीच ‘व्हॅलन्सी’ होऊन आली आणि हे काही निराळेच प्रकरण आहे असे त्याला वाटले. गणित सोडवले की मी वही पाहण्याआधीच तो उत्तर खोडून टाकी. एकदा मी वही उजेडात तिरकी धरून खोडलेली जागा पाहिली, तर उत्तर बरोबर! त्या दिवशी मी त्याचा खोडरबर काढून घेतला.

मग ‘मोल’ला हात घातला. त्याच्या वडिलांची फळांची गाडी आहे. विचारले, “डझनभर चिकू आणि डझनभर कलिंगडे, नग किती?” “बाराच की!” “आणि वजन?” तो हसला. मोल हाही तसाच एक डझन, फक्त त्यातले नग ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके. १२ ग्रॅम कार्बनमध्ये तेवढे अणू, १८ ग्रॅम पाण्यात तेवढेच रेणू. “मग ३६ ग्रॅम पाण्यात?” “दोन डझन, ताई!” शब्द चुकला, समज चुकली नव्हती. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने त्याने आपणहून ‘दोन मोल’ असे वहीत लिहिले.

मेंडेलीव्हने १८६९ साली आवर्तसारणी मांडली तेव्हा न सापडलेल्या मूलद्रव्यांच्या जागा चक्क कोऱ्या सोडल्या होत्या. पुढे १८७५ त गॅलियम, १८७९ त स्कँडियम, १८८६ त जर्मेनियम सापडले. आपल्या परीक्षेत कोरी जागा म्हणजे शून्य. निदान शिकवणीत तरी ‘इथे अडले’ अशी खूण करून पुढे जायची मुभा मुलांना असावी, असे माझे मत आहे. मी ती देते.

परवाच्या चाचणीत त्याला २५ पैकी १४ गुण मिळाले. फार नव्हेत. पेपर पुढे करीत तो म्हणाला, “ताई, हे गणित चुकलंय, पण कुठे चुकलंय ते सापडलंय मला.”

खोडरबर अजून माझ्याच कंपासपेटीत आहे. त्याने मागितलेला नाही.