आधी इंजिन बंद करा

उज्जैनच्या रामघाटावर संध्याकाळी घंटा, झांजा आणि भोंगे एकदम सुरू होतात. या गदारोळात पाण्याखालचं काय ऐकू येणार, असं कुणालाही वाटेल. पण हवेतल्या आवाजाच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा हिस्सा पाण्यात उतरतो, आणि बुडालेल्यांच्या शोधात प्रतिध्वनीवरून तळाचं चित्र काढणारी आपली साइड-स्कॅन सोनार यंत्रणा शेकडो किलोहर्ट्झवर चालते. भोंग्यांची काळजी नको. काळजी करायची ती आपल्याच बोटीची.

सप्टेंबर 2025 मध्ये उज्जैनच्या पुलावरून पोलिसांची गाडी शिप्रेत पडली. ती हाती लागायला जवळपास तीन दिवस गेले. 2016 साली महाडला सावित्रीचा पूल वाहून गेला, तेव्हा एसटीची पहिली बस सापडायला आठवड्यावर दिवस लागले. तेवढा वेळ माणसं काठावर बसून असतात, हे आपण विसरता कामा नये.

तरीही शोधपथकं इंजिन सुरू ठेवूनच फेऱ्या मारतात आणि गोंगाट सॉफ्टवेअरवर सोपवतात. पंख्याचे बुडबुडे ध्वनी शोषतात आणि विखुरतातही; ते नुकसान कुठलाच फिल्टर भरून देत नाही. शेजारच्या बोटीचं खोली मोजणारं यंत्र चालू असेल, तर पडद्यावर तिरक्या ठिपक्यांच्या रांगा उमटतात. ते यंत्र बंद करायला एक हाक पुरते.

दुसरा शत्रू गाळ. इंदूरचं सांडपाणी आणणारी कान्ह नदी त्रिवेणीला शिप्रेत मिसळते. सेंद्रिय गाळ कुजला की त्यात वायू साठतो, आणि असा तळ ध्वनी जोरात परतवतो. तिथे नुसती ध्वनीची ताकद वाढवून उपयोग नाही. तळाचा प्रतिध्वनीही तितकाच वाढतो. रुंद पट्ट्याचा चर्प, म्हणजे वारंवारता सरकत जाणारा ध्वनी, वापरा: 30 किलोहर्ट्झच्या पट्ट्याला अंतरातला बारकावा अडीच सेंटिमीटरपर्यंत मिळतो.

आमचा खरा आग्रह वेगळा आहे. बुडालेल्या माणसाचा प्रतिध्वनी क्षीण असतो. अनेकदा ओळख पटते ती त्याच्या मागे पडलेल्या सावलीवरून. शेजारच्या बऱ्याच बिंदूंची सरासरी घेणारा, मोठ्या खिडकीचा फिल्टर लावला की चित्र देखणं होतं आणि त्या सावलीची कडा पुसली जाते. म्हणून मूळ नोंद न गाळता जपलीच पाहिजे.

उज्जैनचा 2028 चा सिंहस्थ जवळ येतो आहे. त्याआधी त्रिवेणी ते मंगळनाथ या पट्ट्यात, इंजिन बंद ठेवून, दोरीने ओढलेल्या होडीतून तळाची एक शांत नोंद घ्या. ती कच्च्या स्वरूपात आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू.