पडद्यावरील बाई

कळमनुरी तालुक्यांतील आखाडा बाळापूर येथें गेल्या महिन्यांत आम्ही आप्तांकडे गेलों होतों. घरची बारा वर्षांची कन्या मोबाइलवर अपूर्णांक शिकत होती. पडद्यावरील चित्रांतल्या बाई मान हलवीत, बोलत, प्रश्न विचारीत. आणि मुलगी त्यांना "बाई, तुम्ही" असें संबोधून आदरानें उत्तर देई. आम्ही जवळ बसलों, तशी ती म्हणाली, "काका, जरा बाहेर बसता का?"

आम्हांस जोसेफ वायझेनबाउम यांची आठवण झाली. १९६६ सालीं अमेरिकेंत त्यांनीं 'एलायझा' ही संभाषण करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. तिला ना चेहरा, ना समज. समोरच्याचेंच वाक्य फिरवून ती प्रश्न करी. हें ठाऊक असूनहि त्यांच्या सेक्रेटरीबाईंनीं तिच्याशीं दोनचार वाक्यें बोलतांच त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितलें! पुढें अशा यंत्रांस चेहरा मिळाला. १९९७ सालीं उत्तर कॅरोलिनांतील संशोधकांनीं 'हर्मन' नांवाच्या बोलक्या किड्याकरवीं मुलांना वनस्पतींचा पाठ दिला, आणि मुलांस तो साह्यकर्ता वाटला.

रात्रीं मुलीस कारण विचारलें. "दहा वेळा 'समजलं नाही' म्हटलं तरी त्या बाई रागावत नाहीत," ती म्हणाली. बाई खऱ्या नाहींत, हें तिला पुरतें ठाऊक आहे.

वाचकहो, खेद यंत्राचा नाहीं. जे दोन शब्द वडील माणसांपुढें ओठांबाहेर पडत नाहींत, ते चित्रापुढें सहज पडतात, याचा आहे. यंत्रास नांवें ठेवण्यापूर्वीं आपण आपल्या कपाळावरील आठ्या पुसून टाकूं या.