मासळीच्या टाकाऊ भागात कापणारीचा वाटा

प्रति,
मा. संचालक,
केंद्रीय निमखारे जलकृषी संशोधन संस्था, चेन्नई



मासळीच्या टाकाऊ भागापासून आपल्या संस्थेने कोळंबीच्या तळ्यांसाठी ‘प्लँक्टनप्लस’ आणि बागायतीसाठी ‘हॉर्टीप्लस’ तयार केले, याबद्दल मनापासून अभिनंदन. पण याच डोकी, कातडी, काटे आणि आतड्यांत खत-खाद्याहून मोलाचा माल आहे. त्यांतली प्रथिने पपेन किंवा अल्कलेजसारख्या विकरांनी तोडली की अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, म्हणजे पेप्टाइड, मिळतात. त्यांतल्या काही प्रयोगशाळेत मुक्त मूलकांना (फ्री रॅडिकल्सना) निष्प्रभ करतात, चरबीचे खवट होणे लांबवतात. जगभर त्यांवर संशोधन चालू आहे.

या मालाचा दर्जा कारखान्यात नव्हे, बाजारातच ठरतो. चेन्नईच्या उन्हात बांगडा-कुपा बर्फाविना राहिला, तर जिवाणू त्यातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे बाधणारे हिस्टामिन करतात आणि ते उकळूनही जात नाही. म्हणजे कासिमेडूच्या मासळी बंदरात किंवा मरीनाच्या लूप रोडवर मासे कापणारी बाई टाकाऊ भाग वेगळा काढून लगेच बर्फात ठेवते की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून. आज त्या भागाचे तिला काय मिळते? बहुधा काहीच नाही. उलट दुर्गंधीचा ठपका मात्र तिच्यावर येतो.

म्हणून तीन मागण्या. पहिली, कापणीच्या जागीच बर्फपेट्या आणि वेगवेगळी पिंपे द्यावीत, त्यासाठी महापालिकेला आपण गळ घालावी. दुसरी, तंत्रज्ञान कंपनीला देताना कापणाऱ्या बायकांच्या गटांकडून ठरल्या दराने माल घेण्याची अट करारातच घालावी. तिसरी, परीक्षानळीतल्या गुणाला औषध म्हणू देऊ नये. पोटात गेलेले पेप्टाइड पचनात पुन्हा तुटू शकते. माणसांवरील चाचण्यांशिवाय ‘तारुण्य टिकवणारी’ पावडर बाजारात आली, तर ग्राहक फसेल आणि चांगले संशोधनही बदनाम होईल. तोवर मासळीची टिकवण आणि पशुखाद्य हे उपयोग पुरेसे आहेत.

चेन्नईत हे जमले, तर मुंबईच्या ससून डॉकला आणि रत्नागिरीच्या मिरकरवाड्यालाही ते मागता येईल. सुरुवात आपण करावी. दर ठरवण्याच्या बैठकीत मात्र या बायकांना पहिली खुर्ची द्यावी, ही विनंती.

आपला,
चेन्नईचा एक मराठी मासेखाऊ